परत आलेलं पत्र आधी वाचायचं

श्री. वसंतराव गायकवाड यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या चाकणच्या कंपनीच्या टेबलाखाली होते. दिसत होते ते फक्त पाय आणि टाचा झिजलेले बूट. मला कामावर लागून जेमतेम आठवडा झाला होता. चहा घेऊन गेले तर टेबलाखालून आवाज आला, "ताई, सर्व्हरची पिन काढून इथे पंखा कुणी लावला?"

लावला होता मीच. मे महिना, वर पत्र्याची शेड, आणि टेबलाखालचा तो काळा डबा म्हणजे अख्ख्या कंपनीचं ई-मेलचं टपाल, हे मला कुठे ठाऊक! मी चहाचा कप पुढे केला. सर बाहेर आले, गुडघे झटकले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पंखा तर पाहिजेच. आधी माणसं. याची वेगळी सोय करू." दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी पिशवीतून एक जादा बोर्ड आणला, स्वतः बसवला आणि त्यावर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पंखा'. तो कुणी लावला होता हे त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर ते लिहिलेलंच असणार म्हणा.

या वर्षी सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीचे अध्यक्ष आमचेच मालक, दिलीपशेठ काळोखे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मंगलताई, आपल्या कंपनीकडून तुम्ही लिहायचं. आणि गायकवाडांनी आपलं टपाल बंद पाडलं होतं, तो किस्सा घाला बरं का. साठ वर्षांत माणूस एकदा चुकला, तेवढं तरी लोकांना कळू द्या!" आणि नेहमीसारखे खदाखदा हसले. मी हो म्हणाले. तो किस्सा मी घालणारच आहे. पण जरा दमानं, आधी सरांविषयी चार शब्द लिहिते.

सरांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला होते. वडिलांना अक्षरओळख नव्हती. वस्तीतल्या बहुतेकांची तीच गत, त्यामुळे शाळेत जाणारा वसंता हा सगळ्या चाळीचा वाचक आणि लेखनिक. सरांनी पुढे संगणकाचं शिक्षण घेतलं, आकुर्डीला एका मोठ्या कारखान्याच्या संगणक विभागात चांगल्या नोकरीला लागले. ती नोकरी सोडून त्यांनी स्कूटरवर पिशवी टाकली आणि भोसरीपासून चाकणपर्यंतच्या लहान लहान शेडची कामं घेतली. लोक म्हणाले, गायकवाडांचं डोकं फिरलं. सरांचं म्हणणं वेगळं होतं. मोठ्या कारखान्यात संगणक बिघडला तर दहा जण धावतात, वीस माणसांच्या शेडमध्ये बिघडला तर मालक नुसता डोक्याला हात लावून बसतो. अशा शेडमध्ये सरांनी टपालाचे सर्व्हर बसवले, सांभाळले, आणि आमच्या पट्ट्यात त्यांचं नाव पडलं 'टपालवाले गायकवाड'. सरांना हे नाव आवडतं. त्यांच्या स्कूटरवरच्या पिशवीला पोरं अजूनही पोस्टाची थैली म्हणतात.

मी सरांची रीतसर विद्यार्थिनी नव्हे. शिपमेंटचे कागद करणारी, फोन उचलणारी बाई मी. आज आमच्या शेडचं आणि शेजारच्या पाच-सहा शेडचं टपाल मी बघते, ते सरांच्या शिकवणीमुळे. त्यांची शिकवण्याची पद्धत मात्र ताप आणणारी. "सर, मेल जात नाही" असा फोन केला की पलीकडून ठरलेलं वाक्य यायचं, "परत काय आलंय ते वाचा." वाचते म्हटलं की, "मनात नको. मोठ्यांदा वाचा." ती इंग्रजी, त्यात आकडे, त्यात कंस! मी अडखळत वाचायची, शेडमधली माणसं फिदीफिदी हसायची. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, तुम्हीच वाचा ना, तुम्हाला कळतं." तर म्हणाले, "मला कळून काय उपयोग? पत्र तुमचं परत आलंय."

या हट्टाचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या वडिलांनी गावाकडच्या धाकट्या भावाला पत्र पाठवलं होतं, थोरल्या लेकीच्या लग्नाचं. ते पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टाचा शेरा होता. वडिलांना वाचता येत नव्हतं आणि कुणाला वाचायला देण्याची लाज वाटली. त्यांनी समज करून घेतला, भावाने नाकारलं. पाकीट ट्रंकेत गेलं आणि भावाशी बोलणं बंद झालं. बऱ्याच वर्षांनी ट्रंक आवरताना सरांनी ते पाकीट बाहेर काढलं आणि वाचलं. शेरा होता, 'पत्ता अपुरा'. "चुलते तोवर गेले होते," सर म्हणाले. "शेऱ्यात दोन शब्द होते, ताई. दोन." मग त्यांनी चष्मा पुसला आणि कीबोर्ड उलटा करून त्यातली धूळ झाडत बसले. त्या दिवसापासून मी परत आलेलं प्रत्येक पत्र मोठ्यांदा वाचते. हसणाऱ्यांनी हसावं.

ही शिकवणी सगळी त्या किश्शानंतरची. किस्सा घडला तेव्हा मी यातलं काहीच शिकले नव्हते.

मी मूळची इथल्याच एका वाडीतली. आमच्या घरातली कुणी बाई तोवर कंपनीत गेली नव्हती. मी अर्ज केला तेव्हा सासरे ओट्यावर बसून म्हणाले, "आमी न्हाई म्हणत न्हाई. जा. पर एक ध्यानात ठिव, मालकाची एक तक्रार आली, का दुसऱ्या दिशी घरी बसायचं." सासरे मनाने वाईट नव्हते, पण शब्दाचे पक्के. माझी नोकरी त्या एका वाक्यावर टांगलेली होती. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणं, कुणीतरी आपल्याला 'ताई, हे बघा जरा' म्हणणं, याची गोडी मला पहिल्याच महिन्यात लागली होती. ती मला सोडायची नव्हती.

आमच्याकडे खंडेनवमी जोरात असते. पत्र्याचे भाग ठोकणारे प्रेस पुसून, तेलपाणी करून, झेंडू बांधून पूजा होते, आणि टेबलाखालच्या सर्व्हरलाही हळदकुंकू लागतं. सर बौद्ध, त्यांच्या घरी पूजाअर्चा नाही. पण त्या दिवशी ते हटकून येतात, बाह्या सावरून आमच्याबरोबर मशीन पुसतात. "हत्यार पुसणं ही माझी पूजा," असं म्हणतात आणि पेढ्याला मात्र सगळ्यात पुढे असतात.

त्या वर्षी पूजेचा फोटो फार सुरेख आला होता. शेठ खूश होऊन मला म्हणाले, "आपल्या ओळखीच्या सगळ्यांना हा फोटो आणि दसऱ्याच्या शुभेच्छा पाठवा. कुणी सुटता कामा नये." आता 'कुणी सुटता कामा नये' हे वाक्य माझ्यासारख्या नव्या आणि उत्साही बाईला सांगावं का? मी ओळखीचे पत्ते तर घातलेच. शिवाय ड्रॉवरमधली जुनी व्हिजिटिंग कार्डं काढली. शिवाय एका प्रदर्शनात फुकट मिळालेली सीडी होती, त्यात देशभरातल्या कंपन्यांचे हजारो पत्ते होते, तीही रिकामी केली. आणि फोटोसकट सगळ्यांना एका दमात शुभेच्छा सोडल्या! मला वाटलं, शेठ शाबासकी देतील.

तेव्हाच आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची तक्रार आलेली होती. आम्ही दिलेल्या ब्रॅकेटच्या एका लॉटमध्ये भोक सरकलं होतं. चूक कशी झाली, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हा अहवाल त्यांना द्यायचा होता. अहवाल तयार होता. शुभेच्छांच्या दुसऱ्या दिवशी मी तो पाठवला, आठवडाभराने त्यांचं स्मरणपत्र आल्यावर पुन्हा पाठवला, दुसरं स्मरणपत्र आल्यावर तिसऱ्यांदा पाठवला. प्रत्येक वेळी इंग्रजीत भलंमोठं, आकड्यांनी भरलेलं काहीतरी परत यायचं. मला वाटलं व्हायरस. मी हात न लावता पुसून टाकायची, आणि वर स्वतःच्या सावधपणाचं कौतुक करायची.

बुधवारी संध्याकाळी त्यांचं शेवटचं पत्र आलं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उत्तर मिळालं नाही तर पुरवठादारांच्या यादीतून तुमचं नाव काढू. त्यांचं आम्हाला ऐकू येत होतं, आमचं त्यांना नाही. शेडमधलं निम्म्याहून जास्त काम त्या एका कंपनीचं. अठ्ठावीस माणसं त्यावर उभी. शेठचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी फोन लावले, पण गिऱ्हाइकाची ऑफिसं सुटली होती, आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी, मशीन बंद आणि माणूस घरी. दुसऱ्या कुठल्या मेलच्या पत्त्यावरून पाठवावं तर त्यांचा नियम आडवा, उत्तर नोंदवलेल्या पत्त्यावरूनच आलं पाहिजे.

गुरुवारी सकाळी शेठनी मला शेडवर बोलावलं आणि गायकवाडसरांना फोन केला. सर आकुर्डीचं घर सोडून चऱ्होलीच्या नव्या फ्लॅटमध्ये त्याच दिवशी राहायला जाणार होते. टेम्पो दारात उभा, अर्धं सामान चढलेलं. सर टेम्पोवाल्याला "तुम्ही निघा" म्हणाले आणि स्कूटर काढून तडक चाकणला आले. गॅसची नळी आणि पाना त्यांच्याच पिशवीत राहिला होता. त्यामुळे नव्या घरात पहिलं दूध उतू घालायला वहिनींना शेजारणीची शेगडी मागावी लागली, हे वहिनी आजही प्रत्येक आल्यागेल्याला सांगतात.

आल्या आल्या सरांनी मला विचारलं, "परत काय आलंय?" मी म्हटलं, "व्हायरस येत होता सर, मी पुसून टाकला." पुसलेल्यांच्या टोपलीतून त्यांनी ती तिन्ही पत्रं उचलली, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "वाचा. मोठ्यांदा." मी वाचलं. त्यात लिहिलं होतं, तुमचा सर्व्हर नको असलेली पत्रं पाठवणाऱ्यांच्या यादीत आहे, म्हणून तुमचं पत्र आम्ही घेत नाही. तिन्ही वेळा अगदी स्वच्छ तेच लिहिलेलं. गिऱ्हाइकाच्या दरवाजावरचा चौकीदार तीनदा कारण सांगत होता आणि मी तीनदा कानात बोटं घातली होती.

सरांनी समजावून सांगितलं. कुठल्या सर्व्हरमधून अनोळखी लोकांना धडाधड पत्रं सुटतात याच्या याद्या ठेवल्या जातात, आणि मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर दार उघडण्याआधी ती यादी बघतात. शेठ घाईवर आलेले. "मग त्या यादीवाल्यांना आत्ताच्या आत्ता कळवा ना, आमचं नाव काढा म्हणून!"

सर म्हणाले, "आधी नळ बंद करू शेठ, मग फरशी पुसू. नळ चालू ठेवून माफी मागितली तर उद्या पुन्हा यादीत जाऊ."

मग त्यांनी सर्व्हरची नोंदवही उघडली. कुठलं पत्र कधी, कुठल्या टेबलावरून, कुणाच्या नावाने निघालं, ते सगळं त्यात असतं. मी मागे उभी होते. पडद्यावर ओळीमागून ओळ वर सरकत होती आणि प्रत्येक ओळीत माझं नाव. मंगल, मंगल, मंगल. अजून शेकडो शुभेच्छा आत रांगेत अडकल्या होत्या. कधीच बंद पडलेल्या पत्त्यांच्या दारावर आमचा सर्व्हर पुन्हापुन्हा थाप मारत होता. सरांनी मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं. मग पडदा जरासा स्वतःकडे वळवून घेतला, शेठना दिसणार नाही इतपतच.

त्यांनी ती रांग रिकामी केली. आमच्या सर्व्हरच्या पत्त्यावरची नावाची पाटीही जुनी राहिली होती, कारण इंटरनेटवाल्याने मधे पत्ता बदलला होता. त्याला फोन करून, थांबून, पुन्हा फोन करून सरांनी ती दुरुस्त करून घेतली. एका तासात ठरावीक आकड्यापेक्षा जास्त पत्रं जाणारच नाहीत, असा बांध घातला. त्यानंतरच यादीवाल्यांना अर्ज गेला. तोवर दुपार उलटून गेली होती. मी डब्यातली भाकरी पुढे केली, ती त्यांनी कीबोर्डपासून लांब बसून खाल्ली.

शेवटी शेठनी विचारलंच. "हे झालं कशानं? कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. सासऱ्यांचं वाक्य आठवलं. सर माझ्या आधी बोलले. "चूक माझी आहे शेठ. एका वेळी किती पत्रं जावीत याला बांध घालायला हवा होता. मी घातला नव्हता."

शेठ भडकले. "गायकवाड, तुमच्या भरवशावर बसलो होतो मी! अठ्ठावीस माणसं आहेत माझी!" आणखीही बरंच बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग आमच्याकडचा छापील तक्ता काढला. काय घडलं, का घडलं, जबाबदार कोण, पुन्हा घडू नये म्हणून काय केलं. तिसऱ्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'व. गायकवाड', आणि कागद मला फाइलला लावायला दिला.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास यादीतून नाव निघाल्याचं कळलं. सरांनी मला खुर्चीवर बसवलं. मी अहवाल पाठवला. पडद्यावर पलीकडच्या सर्व्हरचं उत्तर उमटलं, स्वीकारलं. सर म्हणाले, "हेही वाचा. मोठ्यांदा." मी वाचलं आणि तिथेच रडायला लागले. शेठना वाटलं आनंदाने. त्यांनी शेडमध्ये सगळ्यांना भजी वाटली.

जाताना फाटकापाशी मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, ते मी…" त्यांनी हात वर केला. "मला नका सांगू. मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. सावकाश सांगा, पण सांगा." आणि स्कूटरला किक मारून, अजून पिशवीतच राहिलेली गॅसची नळी घेऊन गेले.

सावकाश म्हणजे किती सावकाश? माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती, आता ती दहावी पास झाली. पहिली काही वर्षं सासऱ्यांची भीती होती. सासरे गेले. जायच्या आधी तेच चार लोकांत "आमची सून कंपनीचं टपाल बघती" म्हणून मिशीला पीळ द्यायचे, तेव्हा भीती कसली उरली होती? नंतर उरली ती निव्वळ लाज. दर खंडेनवमीला सर मशीन पुसायला आले की शेठ ओरडतात, "आले टपालवाले! आता टपाल बंद!" सगळी शेड हसते. सरही हसतात. आणि मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी असते, त्या हसण्यात माझं तोंड कुठे लपवावं ते मला कळत नाही. सरांनी एकदाही माझ्याकडे रोखून बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

शेठ, तुम्ही सांगितलंत म्हणून किस्सा घातला. आता तो पुरा झाला. तुम्ही चारचौघांत ज्यांची थट्टा केलीत, त्यांनी ते पाप केलं नव्हतं. तुमचं टपाल मी बंद पाडलं होतं, सरांनी ते चालू केलं. तो तक्ता आजही फाइलला आहे. हा लेख समितीकडे देण्याआधी मी तो काढला, तिसऱ्या रकान्यातलं 'व. गायकवाड' एका रेघेने खोडलं आणि शेजारी माझं नाव लिहून खाली सही केली. कागद तुमच्या टेबलावर ठेवला आहे. तुम्हाला जे बोलायचं ते बोला. त्या वेळी सरांना जेवढं बोललात तेवढं तर बोलाच, ते माझ्या वाट्याचं होतं.

गायकवाडसर, आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी शेडची दारं तुमच्यामुळे जगाला उघडी राहिली. तुमची स्कूटर आणि तुमचे गुडघे दोन्ही धडधाकट राहोत. टेबलाखाली वाकायची वेळ यापुढे आमच्यावर येवो, तुम्ही खुर्चीत बसून "मोठ्यांदा वाचा" एवढंच म्हणावं, आणि ते ऐकायला आम्हाला आणखी चाळीस वर्षं मिळावीत. वहिनींच्या शेगडीला तुमची नळी वेळेवर पोहोचत राहो.

आणि सर, येत्या खंडेनवमीला नेहमीसारखे या. मशीन पुसून ठेवते, पेढे आणून ठेवते. या वेळी शेड हसेल ती मला हसेल. तुम्ही नुसतं शेजारी उभे राहा.

मंगल
(तुमची टेबलापलीकडची विद्यार्थिनी)